आजीच्या विनोदाची चिकित्सक आवृत्ती

मराठी कुटुंबात आजी गेल्यानंतर मागे उरणाऱ्या मालमत्तेचे स्थावर, जंगम आणि विनोदी असे तीन प्रकार पडतात. पहिल्या दोहोंची व्यवस्था १९५६च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने लावून दिली असून स्त्रीची मालमत्ता तिच्यामागे कोणाकडे जावी हे त्याच्या पंधराव्या कलमात सांगितले आहे. परंतु आजीने हयातभर जे टोले, टोमणे, उखाणे आणि बिनतोड जबाब घरात जागोजागी सांडून ठेवलेले असतात, त्यांच्या वाटणीबद्दल कायदा मौन पाळतो. परिणामी बांगड्या आणि पातेल्यांची वाटणी कुरकुरत का होईना वर्षभरात उरकते, पण "आजी हे मला म्हणाली होती, तुला नव्हे" हा वाद दोन पिढ्या चालतो. प्रत्येक शाखेकडे एकाच विनोदाची आपापली प्रत असते, ती अस्सल असल्याचा दावा असतो आणि कोणत्याही दोन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून या तिसऱ्या मालमत्तेचा विचार वकिलावर न सोपवता पाठचिकित्सेच्या, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवण्याच्या विद्येच्या, आधाराने करणे अधिक फलदायी ठरते.

या विद्येचा मोठा वस्तुपाठ पुण्यातच उपलब्ध आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याला शास्त्रशुद्ध घाट दिला, आणि १,२५९ हस्तलिखिते विचारात घेऊन ते १९६६ मध्ये, म्हणजे सुकथनकरांच्या निधनानंतर तेवीस वर्षांनी, तडीस गेले. हस्तलिखितांच्या उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशा दोन मुख्य परंपरा मानाव्यात, दोहोंत जे समान आढळेल ते जुने धरावे आणि एकीतच जे आढळेल त्याकडे संशयाने पाहावे, असे या पद्धतीचे स्थूल स्वरूप आहे. आजीच्या बाबतीत हस्तलिखिते नसतात, पण माणसे असतात, आणि त्यांच्याही पुणे, मुंबई, नागपूर अशा परंपरा असतात; अलीकडे न्यू जर्सी येथेही एक उपशाखा उगवली असून तिच्या प्रती इंग्रजीत असल्याने त्यांतील विनोद बहुधा शेवटच्या वाक्यापाशी दगावलेला आढळतो. महाभारताची दाक्षिणात्य परंपरा उत्तरेच्या तुलनेत अधिक विस्तृत असल्याचे संपादकांना दिसले होते. कुटुंबात हे स्थान नागपूर शाखेला द्यावे लागते, कारण तिच्या प्रतीत प्रत्येक विनोदाच्या आधी एक जेवण आणि नंतर एक जेवण साग्रसंगीत वर्णिलेले असते.

नमुन्यादाखल एक पाठ घ्यावा. होळीचा सण आहे, थोरला जावई पानावर बसला आहे, आणि एका टप्प्यावर तो ताटावर हात आडवा धरून "आता पुरे, पोट भरलं" असे जाहीर करतो. मुंबई शाखेच्या प्रतीनुसार आजी त्यावर म्हणाली, "पोट भरलं असेल, मन नसेल भरलं, अजून एक घ्या." नागपूरच्या प्रतीत "जावईबापूंचं पोट भरलं, पण आमची परात कुठं रिकामी झालीय?" असा पाठ आहे. पुण्याची प्रत सर्वांत त्रोटक असून तिच्यात आजीचा उद्गार "पोट भरलं म्हणता? मग मघापासून जातंय कुठं?" एवढाच नोंदला आहे. पुरणपोळ्यांचा आकडाही तिन्ही प्रतींत वेगळा असून तो अनुक्रमे सहा, अकरा आणि नऊ असा आहे.

यांपैकी मूळ पाठ कोणता? युरोपातील ग्रंथसंपादकांचे एक जुने सूत्र असे आहे की दोन पाठांपैकी अवघड पाठ हा सहसा मूळचा समजावा, कारण नक्कल करणारा लेखनिक न समजलेले सोपे करून टाकतो, पण समजलेले मुद्दाम अवघड करायला जात नाही. आजीच्या संहितेला हे सूत्र लावताना 'अवघड' या शब्दाच्या जागी 'तिखट' हा शब्द घातला की पुरते. गेलेल्या आजीला कोणी अधिक खोचक करत नाही; जो तो तिच्यावर साखर पेरत जातो. त्यामुळे पुण्याचा पाठ मूळचा आणि मुंबईचा उत्तरकालीन असे मानणे भाग पडते; मुंबईचे वाक्य तर दूरचित्रवाणी मालिकेतील कोणत्याही आजीच्या तोंडी शोभेल, आणि जे वाक्य कोणत्याही आजीला शोभते ते या आजीचे असण्याचा संभव कमी. खुद्द जावयाची साक्षही पुण्याच्याच बाजूने आहे. फक्त त्याच्या प्रतीत पोळ्यांचा आकडा चौदावर गेला आहे. ज्याचा पाणउतारा झाला त्यानेच तो वाढवून सांगावा हे वरवर विचित्र वाटते खरे, परंतु आजीच्या तोंडून निघालेला टोला ही जावयाच्या आयुष्यातील मानाची गोष्ट होती आणि मान नऊ पोळ्यांत मावत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

साखर पेरण्याची ही क्रिया फार लवकर, म्हणजे निधनाच्या दिवशीच, सुरू होते. वर्तमानपत्रात द्यायच्या निवेदनाचा मजकूर कार्यालयात तयारच असतो आणि त्यात नाव व वय तेवढे भरायचे असते. त्यानुसार गुडघ्यांपासून पित्तापर्यंत सर्व अवयवांचे वार्तापत्र तीस वर्षे रोज सकाळच्या चहाबरोबर प्रसृत करणारी आजी 'अल्पशा आजाराने' जाते, आणि एका परत न आलेल्या पितळी डब्यावरून सख्ख्या जावेशी दोन तपे न बोललेली तीच आजी 'मनमिळाऊ' ठरते. प्रेमळ, मनमिळाऊ आणि हसतमुख या तीन विशेषणांखाली महाराष्ट्रातील आज्यांची एक अख्खी पिढी एकसारखी होऊन गेली आहे. छायाचित्राचीही तीच गत. आजीचे एकटीचे चांगले छायाचित्र सहसा कोणी काढलेलेच नसते, म्हणून कोणाच्या तरी मुंजीतल्या समूहचित्रातून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतात. या प्रक्रियेत शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या नातलगाचा खांदा चौकटीत राहून जातो, आणि तो नातलग हयात असूनही त्याच्या खांद्याला चंदनाचा हार पडतो. चित्रातली आजी गंभीर दिसते याचे कारण तिचा स्वभाव नव्हे; मुंजीत वाढपी उशीर करत होते आणि तिचे लक्ष तिकडे होते.

आता ही कला तिने मिळवली कोठे, हा प्रश्न उरतो. घरातील पुरुषांची अशी समजूत असते की आजीचा विनोद उपजत होता. आपण तिला बोलायची संधी फारशी दिली नव्हती, याची नोंद मग आपोआप टळते. वस्तुतः हे शिक्षण पद्धतशीर होते. अभ्यासक्रमाचा आरंभ आश्विनातील भोंडल्याने होई. याला कोठे हादगा म्हणतात, आणि विदर्भ-खानदेशात मुलींचा याच्या जवळचा खेळ भुलाबाईचा असतो. पाटावर हत्तीचे चित्र काढून मुलींनी त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेली खिरापत, म्हणजे वाटायचा खाऊ, ओळखायची असा हा खेळ. गाण्यांचे विषय पाहिले तर आठ वर्षांच्या मुलींसाठी ते कोणी निवडले असावेत, असा प्रश्न पडतो. एका गाण्यात नवरा वेडा आहे. बायकोने केलेले लाडू तो चेंडू समजून खेळतो, करंज्या होड्या समजून पाण्यात सोडतो, आणि अखेर झोपलेली बायको मेली समजून तिच्या अंत्यविधीच्या तयारीला लागतो. दुसऱ्या एका गाण्यात सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू आधी कारल्याचा वेल लावायला सांगते, मग त्याला कोंब फुटू दे म्हणते, मग कारली लागू दे, मग भाजी करून जा, मग खाऊन खरकटे काढून जा, अशा क्रमाने एका साध्या अर्जावर इतके शेरे मारते की पुढे सरकारी कचेऱ्यांनी काही नवीन शोधून काढल्याचे जाणवत नाही. ही गाणी मुली हसत हसत म्हणत, आणि म्हणता म्हणता पुढच्या पन्नास वर्षांत काय वाढून ठेवले आहे याची रूपरेषा पाठ होऊन जाई.

पुढची इयत्ता मंगळागौरीची. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे श्रावणातील मंगळवारी हे व्रत करायचे आणि रात्र जागवायची अशी रीत असून, त्या जागरणात फुगडी, झिम्मा, पिंगा यांबरोबर सासू-सून, नणंद-भावजय, सवती-सवती यांच्या भांडणांची सोंगे वठवली जात. वर्षाचे उरलेले दिवस जे बोलण्याची सोय नव्हती ते त्या रात्री गाण्याच्या चालीवर, कमरेवर हात ठेवून, खऱ्या सासूच्या देखत बोलता येत असे, आणि सासूलाही ते हसून घ्यावे लागे, कारण तीही कधीकाळी याच शाळेत शिकलेली होती. ही शाळा मुख्यतः वाड्यांतली आणि पांढरपेशा घरांतली होती, हे मान्य केले पाहिजे. गावोगावच्या शेतकरी आणि कष्टकरी बायांचे विद्यापीठ जात्यापाशी भरे. तिथे दळता दळता रचलेल्या ओव्यांत भावाचे कौतुक आणि विठ्ठलाची भक्ती यांच्यामध्येच भावजयीला आणि नवऱ्याला काढलेले चिमटेही सापडतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी गावात आल्यावर पहाटेचे कष्ट वाचले हे खरेच, पण त्याबरोबर घरातल्या सर्व बातम्यांवर रोज पहाटे, पुरुषमंडळी झोपेत असताना, भाष्य करण्याची हक्काची वेळही गेली.

या शिक्षणातील सर्वांत कठीण विषय मात्र नवऱ्याच्या नावाचा. पतीचे नाव घ्यायचे नाही हा दंडक होता. आणि घेणे भागच पडले तर ते उखाण्यात, म्हणजे यमक जुळवलेल्या दोन ओळींत गुंफून, घ्यायचे होते. एरवी त्या नावाला वळसा घालून बोलावे लागे, आणि तो वळसा नावापुरता राहत नसे. नवरा गोपाळ असेल तर गोकुळाष्टमीच्या गोपाळकाल्याला जन्मभर 'दहीपोह्याचा प्रसाद' म्हणायचे, आणि विष्णू असेल तर विष्णुसहस्रनामाची पोथी 'ते हजार नावांचं पुस्तक' म्हणून मागायची. ज्या व्यक्तीला अर्ध्या शब्दसंग्रहाला बंदी असताना बाजारहाट, सणवार आणि भांडणे निभवावी लागतात, तिची भाषा साठाव्या वर्षापर्यंत किती लवचीक होत असेल याची कल्पना करता येते. शिधापत्रिकेसाठी आलेला कारकून कुटुंबप्रमुखाचे नाव विचारतो आणि आजी त्याला "देवळाच्या पाटीवर वाचून घे, तिथं मोफत लिहिलंय" असे सांगते, तेव्हा तो उद्धटपणा नसून दीर्घ साधनेचे फळ असते.

आजीच्या हसण्याबद्दलही शास्त्राचा आधार घेता येतो. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ म्हणजे स्वतः हसण्याचे आणि परस्थ म्हणजे दुसऱ्याला हसवण्याचे असे दोन भेद सांगितले आहेत. शिवाय स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित अशा सहा पायऱ्या दिल्या असून त्यांतील पहिल्या दोन उत्तम प्रकृतीच्या, मधल्या दोन मध्यम आणि शेवटच्या दोन अधम प्रकृतीच्या माणसांना लावल्या आहेत. आजीचा विनोद निर्विवादपणे परस्थ होय. टोला हाणून ती पुन्हा तांदूळ निवडू लागे, आणि हसण्याचे काम इतरांवर सोपवी. या वर्गीकरणात स्मिताचे मुख्य लक्षण हसताना दात न दिसणे हे आहे. आजीचे दात डबीत असल्यामुळे ती कितीही खदखदून हसली तरी तांत्रिकदृष्ट्या स्मिताच्या पलीकडे जात नसे, आणि म्हणून भरताच्या मते ती अखेरपर्यंत उत्तम प्रकृतीचीच राहिली. श्रोत्यांची वाटणी मात्र घराच्या रचनेप्रमाणे होई. मुलगा बायकोकडे पाहून हसू आवरे, नातवंडे अतिहसितापर्यंत जात, आणि सून पदराचा बोळा तोंडात धरून स्वयंपाकघरात जाई. तिथे ती कोणत्या पायरीवर हसे, याची नोंद भरताला घेता आली नाही.

छापील मराठी विनोदाने ही सर्व संपत्ती जवळजवळ बाहेरच ठेवली आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे', चिं. वि. जोशींचे चिमणराव, पु. ल. देशपांडे यांचे १९६२चे 'व्यक्ती आणि वल्ली' अशी ओळीने पाहणी केली तर लक्षात राहणारी विक्षिप्त, फटकळ, हजरजबाबी माणसे बहुतेक सगळी पुरुष असल्याचे दिसते. विनोदी लेखकाची बैठक ओटीवर होती, आणि माजघरातून तिथपर्यंत चहा येई, संवाद येत नसे.

ज्या एका बाईने ही उणीव एकहाती भरून काढली ती लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या, शाळेत न गेलेल्या, नवऱ्याने अक्षरओळख करून दिलेल्या आणि जोडाक्षरांशी अखेरपर्यंत पुरता समेट न झालेल्या या बाईंकडे मुलाने, देवदत्त टिळकांनी, वडिलांच्या म्हणजे कवी नारायण वामन टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी मागितल्या. त्यांतून उभी राहिलेली 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. चरित्र नवऱ्याचे लिहायचे होते; त्याऐवजी नवराच एका थोर विनोदी ग्रंथातले पात्र होऊन बसला. घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घ्यायला लावणारे सोवळेवेडे वडील, संतापी, उदार आणि व्यवहारात पार हरवलेला कवी, त्याने केलेल्या धर्मांतराने झालेली ताटातूट आणि पुढे काही वर्षांनी स्वतः केलेले धर्मांतर, हे सगळे त्यांनी अशा सुरात सांगितले आहे की दुःख कमी झाल्याचा भास कोठे होत नाही आणि हसूही आवरत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट पुढेच आहे. या ग्रंथाची टिपांसह साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली ती त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी. आजीची संहिता, नातवाचे संपादन असा सुयोग ज्या घरात जुळतो तिथे साखरेचा प्रश्न येत नाही, कारण तिखट आजीनेच स्वतःच्या हाताने घालून ठेवलेले असते.

इतर घरांतील संपादकाला इतके सुख नसते. त्याच्यापुढे पहिली अडचण प्रक्षिप्त मजकुराची, म्हणजे मागाहून कोणी घुसडलेल्या भागाची, असते. बिरबलाचे चातुर्य, वसंत व्याख्यानमालेत ऐकलेला किस्सा आणि व्हॉट्सॲपवर आलेला चुटका हे सर्व काही वर्षांत आजीच्या नावावर जमा होतात. १९८० च्या दशकात वारलेली आजी एका प्रतीत मोबाइलच्या चार्जरवर कोटी करताना आढळते, तेव्हा काळनिर्णयाला फार श्रम पडत नाहीत. काही विनोद तर निव्वळ फिरते असतात. डॉक्टर गोड बंद, मीठ बंद, तेलकट बंद असे सांगतात आणि आजी "आणि तुमची फी?" असे विचारते, हा प्रसंग इतक्या घराण्यांत त्या-त्या आजीच्या नावे नोंदलेला आहे की, एक तर तो सर्वत्र खोटा असावा किंवा महाराष्ट्रातील सर्व आज्यांना डॉक्टर एकच असावा.

निर्विवाद मानता येतील असे पाठ थोडेच, आणि त्यांपैकी एक दहाव्या दिवसाचा. दशक्रियेच्या वेळी पिंडाला कावळा शिवला की मृताची इच्छा पुरी झाली असे मानतात. कावळा येत नसेल तर नातलग एकेक राहिलेली इच्छा आठवून ती पुरवण्याचे मोठ्याने आश्वासन देतात, आणि तरीही न आला तर दर्भाचा कावळा करून काम भागवतात. आजीने हयातीतच "मला काही इच्छा उरलेली नाही, कावळ्याला उगाच ताटकळत ठेवू नका" असे बजावून ठेवले होते, आणि यावर सर्व शाखांचे एकमत आहे. प्रत्यक्षात घाटावर तासभर कावळा फिरकला नाही. तुळशीला पाणी घालू, धाकट्याचं लग्न करू, काशीला जाऊन येऊ अशी आश्वासने देऊन झाली. मग मागून कोणीतरी "घर विकणार नाही म्हणा" असे सुचवले, तेव्हा तिन्ही मुलगे एकमेकांकडे पाहू लागले आणि त्या शांततेत थोरल्या जावयाला हसू फुटले. पुढे कावळा आपण होऊन आला की दर्भाचा करावा लागला, याबद्दल पाठभेद आहेत. घर विकले गेले.

राहता राहिली सर्वांत महत्त्वाची प्रत, आणि ती कोणत्याच शाखेने प्रमाण मानलेली नाही. ती थोरल्या सुनेची. मुलगे दिवसभर बाहेर होते, मुली सासरी होत्या, नातवंडे लहान होती. आजीची वाक्ये तोंडातून निघताक्षणी, कोणत्याही मध्यस्थाविना, चाळीस वर्षे जिने ऐकली ती ही एकटीच, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक तिच्याचवर रोखलेली होती. प्रेमाने ऐकलेले वाक्य माणूस आपल्या सोयीने आठवतो, रागाने ऐकलेले वाक्य मात्र स्वरविरामांसकट मुरलेल्या लोणच्यासारखे टिकते. म्हणून पाठचिकित्सेच्या कोणत्याही निकषावर ही प्रत प्राचीन, अखंड आणि विश्वसनीय ठरते. तिला एकच दोष आहे. गेल्या काही वर्षांपासून ती मूळ कर्त्रीचे नाव गाळू लागली असून, नव्या सुनेने भाजीत मीठ जास्त घातले की जुन्या संहितेतील योग्य ते वाक्य, एकही अक्षर न बदलता, स्वतःचे म्हणून वापरते. संपादकाने मूळ पाठाबद्दल थेट विचारणा केल्यास ती "जाऊ द्या, गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं" असे म्हणते, दाराला कडी लावते, आणि त्यानंतर दीड तास बोलते.